हॅरी राइटचा हिशेब

(मंडळाच्या निधी-संकलन कार्यक्रमात क्रिकेट गटातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे 'बेसबॉल' हा शब्द वाचून काही जणांनी आधीच चहाच्या टेबलाकडे नजर टाकली, हे आम्ही पाहिलंय. आम्ही म्हणजे मंडळाचा क्रिकेट गट. पंधरा-सोळा जण, बहुतेक तिशीतले, आणि दोघे सोडले तर सगळे सॉफ्टवेअरवाले. क्रिकेटवाल्यांना बेसबॉलवर बोलायला लावणं म्हणजे पुणेकराला मुंबईच्या लोकलवर बोलायला लावण्यासारखं आहे. पण आजचा आमचा नायक मुळात क्रिकेटपटूच होता, क्रिकेटची नोकरी धरूनच तो आपल्या या सिनसिनाटीत आला, आणि इथे येऊन त्याने जे केलं त्याचा आजच्या निधीशी अगदी जवळचा संबंध आहे. तो संबंध कोणता ते शेवटी सांगू, म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत बसाल!

त्याचं नाव हॅरी राइट. विमान उडवणाऱ्या राइट बंधूंशी याचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण आपण ओहायोत आहोत आणि डेटन इथून तासाभरावर आहे. याच्या घरातही बंधू होतेच. त्यांच्याकडे पुढे वळूच.

पगारी माणसाचा मुलगा

हॅरीचा जन्म १० जानेवारी १८३५ चा, इंग्लंडमधल्या शेफील्डचा. तो अगदी लहान असताना कुटुंब अमेरिकेत आलं. म्हणजे तोही आपल्यासारखाच बाहेरून आलेला. वडील सॅम्युअल राइट न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबात नोकरीला होते. आज ऐकून नवल वाटेल, पण त्या काळी न्यूयॉर्कमध्ये क्रिकेटचा चांगलाच जोर होता. अमेरिका विरुद्ध कॅनडा हा जगातला पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना १८४४ साली याच क्लबाच्या मैदानावर झाला आणि कॅनडाने तो २३ धावांनी जिंकला.

सॅम्युअलचं काम काय, तर मैदानाची निगा राखायची, सभासदांना सराव द्यायचा आणि क्लबातर्फे खेळायचं. हॅरीही मोठा होऊन त्याच क्लबात खेळू लागला. शाळा त्याने चौदाव्या वर्षीच सोडली होती आणि दागिने घडवणाऱ्याकडे तो उमेदवारी करत होता.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. इंग्लिश क्रिकेटमध्ये दोन जाती होत्या, 'जंटलमेन' आणि 'प्लेयर्स'. हौस म्हणून खेळणारा तो जंटलमन, पैसे घेऊन खेळणारा तो प्लेयर. खेळ एकच, मैदान एकच, पण मान वेगळा. लॉर्ड्सवर या दोघांमध्ये दरवर्षी सामना व्हायचा आणि हा भेद अधिकृतपणे मोडायला १९६२ साल उजाडावं लागलं.

आपल्याकडे हे चित्र याहून काळं होतं. पळवणकर बाळू पुण्याच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीवर रोलर फिरवायचे, जाळी लावायचे आणि गोऱ्या साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करायचे. पुढे ते हिंदूंच्या संघाचे सर्वांत मोठे गोलंदाज झाले, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरी सुरुवातीच्या काळात जातीमुळे त्यांना चहा मिळायचा तो पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या भांड्यात. हॅरी राइटच्या वाट्याला असलं काही आलं नाही. पण 'हा पैसे घेऊन खेळतो' या वाक्यातला तुच्छतेचा सूर त्याच्या घरात लहानपणापासून ऐकू येत असणार.

हौशी म्हणवणाऱ्यांचा खेळ

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये बेसबॉल रुजत होता. १८५८ मध्ये हॅरी निकरबॉकर क्लबात दाखल झाला. या क्लबाने १८४५ मध्ये खेळाचे नियम लिहून काढले होते. सभासद सगळे पांढरपेशे, दुपारनंतर कामावरून सुटून खेळायला येणारे. क्लबांची राष्ट्रीय संघटना १८५७ मध्ये उभी राहिली आणि खेळण्यासाठी पैसे घ्यायला तिने लवकरच बंदी घातली. खेळ हा सद्‌गृहस्थांनी फावल्या वेळात खेळायचा, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

आता जिंकायची हौस तर प्रत्येकालाच. मग काय व्हायचं? चांगल्या खेळाडूला गुपचूप पाकीट मिळायचं. कुणाला सभासदाच्या दुकानात नावापुरती नोकरी, कुणाला सरकारी कचेरीत. हॅरीचा धाकटा भाऊ जॉर्ज हा त्या काळातला सर्वोत्तम शॉर्टस्टॉप. १८६७ मध्ये तो वॉशिंग्टनच्या नॅशनल्स क्लबाकडून खेळला. क्लबाच्या यादीत त्याचा हुद्दा 'कारकून' आणि कामाचा पत्ता पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवरचा. त्या पत्त्यावर प्रत्यक्षात होती एक सार्वजनिक बाग! आमच्या क्षेत्रात खोटे रेझ्युमे पुष्कळ पाहिलेत, पण थेट बागेत नोकरी दाखवणारा अजून भेटलेला नाही.

म्हणजे पैसे तर दिले जात होते, फक्त ते वहीत दिसत नव्हते. आणि जो पैसा वहीत दिसत नाही त्याच्या मागोमाग काय येतं हे आपल्याला माहीतच आहे. सट्टेबाज आले, ठरवून हरणारे आले, चार डॉलर जास्त मिळाले की हंगामाच्या मध्यावर दुसऱ्या क्लबात उडी मारणारे आले.

सिनसिनाटीत आगमन

१८६५ च्या मार्चमध्ये हॅरी न्यूयॉर्क सोडून इथे आला. युनियन क्रिकेट क्लबाने त्याला वर्षाला १२०० डॉलरवर नेमलं होतं. म्हणजे बापाचाच पेशा, शहर फक्त वेगळं. पण यादवी युद्ध संपलं आणि गावोगाव बेसबॉलची लाट आली. वर्षभरातच हॅरी बेसबॉल क्लबाचं कामही पाहू लागला. क्रिकेटचं मैदान तेच बेसबॉलचं मैदान झालं. ते होतं युनियन ग्राउंड्स. आपण मुलांना संग्रहालय दाखवायला ज्या युनियन टर्मिनलमध्ये नेतो, त्याच्या परिसरातच ते होतं. गाडी लावायला जागा शोधत आपण जिथे चकरा मारतो, तिथे कधीकाळी हॅरी राइट चेंडूमागे धावला आहे.

क्लबाचे अध्यक्ष ॲरन चॅम्पियन हे तरुण वकील होते. आडनाव खरंच चॅम्पियन! शेअर विकून त्यांनी मैदानासाठी पैसा उभा केला. १८६८ च्या अखेरीस राष्ट्रीय संघटनेने एकदाचं मान्य केलं की ज्यांना पैसे देऊन संघ बांधायचा आहे त्यांनी उघडपणे बांधावा. ही परवानगी पुष्कळ क्लबांनी घेतली. पण सगळ्या खेळाडूंना, अगदी राखीव माणसालाही, करार करून पगारावर ठेवायचं आणि ते जाहीर सांगायचं, ही गोष्ट पहिल्यांदा केली सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्जने, १८६९ मध्ये.

तो पगारपट आजही उपलब्ध आहे आणि तो वाचायला आम्हाला फार आवडतो. करार १५ मार्च ते १५ नोव्हेंबर, आठ महिन्यांचा. जॉर्ज राइटला १४०० डॉलर. कर्णधार आणि सेंटर फील्डर हॅरीला १२००. पिचर एसा ब्रेनर्डला ११००. तिसऱ्या बेसवरच्या फ्रेड वॉटरमनला १०००. पुढच्या पाच जणांना प्रत्येकी ८०० आणि राखीव खेळाडू डिक हर्लीला ६००. बेरीज करून पाहा, बरोबर ९३०० डॉलर. दहा माणसांत मूळचा सिनसिनाटीचा फक्त एक, पहिल्या बेसवरचा चार्ली गूल्ड. बाकी सगळे बाहेरगावचे. म्हणजे ऑनसाइट टीमच म्हणा ना!

आणि हे लोक होते कोण? हॅरी जवाहिऱ्याच्या धंद्यातला, जॉर्ज खोदकाम करणारा, दोघे टोप्या बनवणारे, दोघे विमा कंपनीतले, एक हिशेबनीस, एक संगमरवर कापणारा, एक पियानो बनवणारा. कष्टकरी, हातावर पोट असलेले. अशा माणसाला कुणी 'हौस म्हणून खेळ' सांगितलं, तर त्याचा अर्थ 'तू खेळू नकोस' असाच होतो. हौस परवडायलाही घरात पैसा लागतो. हॅरीच्या पगारपटाने हे दार उघडलं.

मात्र ते सगळ्यांना उघडलं नाही, हेही इथेच सांगायला हवं. १८६७ मध्ये याच राष्ट्रीय संघटनेने कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या क्लबांना प्रवेश नाकारला होता. या देशातल्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरायला पुढे १९४७ साल यावं लागलं, आणि कृष्णवर्णीय मॅनेजर नेमायला १९७४.

सत्तावन्न विजय आणि एक डॉलर एकोणचाळीस सेंट

हॅरीने या दहा जणांकडून काय करवून घेतलं? आज ज्याला आपण सराव, रणनीती, टीमवर्क म्हणतो ते सगळं. सामन्याआधी रीतसर सराव. एकाने चेंडू अडवला नाही तर मागे दुसरा उभा असलाच पाहिजे. फलंदाज पाहून क्षेत्ररक्षक सरकवायचे. क्रिकेट खेळलेल्या माणसाला हे अंगवळणी पडलेलं, बेसबॉलमध्ये मात्र नवलाईचं. त्या वेळी चेंडू खालून टाकायचे आणि हातमोजे नव्हते, चेंडू उघड्या हातांनी झेलायचे. ब्रेनर्डचा वेगवान मारा चालू असताना हॅरी मध्येच स्वतः यायचा आणि इतका संथ चेंडू टाकायचा की त्याला 'दवबिंदू' असं नाव पडलं होतं. समोरचा फलंदाज बॅट आधीच फिरवून मोकळा! आमच्यातल्या फिरकीवाल्यांनी हे वाचून टाळ्या वाजवल्या.

गणवेशही त्याच्याच काळात बदलला. लांब विजारींऐवजी गुडघ्यापर्यंतची विजार आणि खाली लालभडक मोजे. गावात त्यावरून पुष्कळ कुजबुज झाली म्हणे, पण नाव पडलं ते त्या मोज्यांवरूनच.

१८६९ च्या हंगामात ते ५७ सामने जिंकले आणि एकही हरले नाहीत. फक्त एकदा ट्रॉयच्या हेमेकर्स संघाने १७-१७ अशी बरोबरी असताना पंचांशी वाद घालून मैदान सोडलं. पूर्वेच्या दौऱ्यात न्यूयॉर्कच्या बलाढ्य म्यूच्युअल्सना त्यांनी ४-२ असं हरवलं, वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांची भेट झाली. १ जुलैला परतले तेव्हा गावाने मिरवणूक काढली आणि त्यांना २७ फूट लांबीची लाकडी बॅट भेट दिली. ती ठेवली कुठे असेल, हा प्रश्न आमच्या घरची मंडळी नक्की विचारतील. मे महिन्यात देशाच्या दोन टोकांना जोडणारा लोहमार्ग पुरा झाला होता, सप्टेंबरात ही मंडळी त्यावरून थेट सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन खेळून आली.

आणि या दौऱ्यांचा प्रोजेक्ट मॅनेजर, ट्रॅव्हल एजंट आणि भांडारपाल एकच, हॅरी. सामन्यांची पत्रं लिहायची, रेल्वेची तिकिटं, हॉटेलं, गेटच्या उत्पन्नातला वाटा, बॅटी, चेंडू, सगळं त्याच्याकडे. सगळ्याची नोंद वहीत. त्याची पत्रं आणि हिशेबाच्या वह्या आज न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत.

हंगाम संपल्यावर क्लबाचा ताळेबंद जाहीर झाला. जमा २९,७२६ डॉलर २६ सेंट. खर्च २९,७२४ डॉलर ८७ सेंट. शिल्लक एक डॉलर एकोणचाळीस सेंट!

आपले खजिनदार हसतायत. त्यांना हे दुःख माहीत आहे. पण मंडळी, या आकड्याकडे जरा नीट पाहू या. एवढा मोठा विजयी हंगाम, देशभर नाव, आणि शिल्लक दीड डॉलरसुद्धा नाही. तरीही हिशेब छापला. लपवला नाही, फुगवला नाही. खेळाडूंचे पगार त्या खर्चातच आहेत, राजरोसपणे. आमच्या मते हॅरी राइटचा खरा पराक्रम हा आहे. ५७ विजय त्याच्या खालोखाल.

बरोबरी नाकारणारा कर्णधार

पुढचं वर्ष १८७०. विजयांची मालिका चालूच होती. १४ जूनला ब्रुकलिनच्या कॅपिटोलीन मैदानावर अटलांटिक्सशी गाठ पडली. नऊ डाव झाले, ५-५ बरोबरी. अटलांटिक्स खूश, त्यांना बरोबरी चालणार होती. प्रेक्षक मैदानात घुसू लागले. हॅरीने 'ठीक आहे' म्हटलं असतं तर अपराजित राहण्याचा मान शाबूत राहिला असता. पण नियम म्हणत होता की पुढे खेळायचं. त्याने नियमाचा आग्रह धरला आणि त्या काळचे नामवंत क्रीडा पत्रकार हेन्री चॅडविक यांनीही तोच निर्वाळा दिला.

अकराव्या डावात सिनसिनाटीने दोन धावा काढल्या, ७-५. आता संपलं असं वाटत असतानाच अटलांटिक्सने तीन काढल्या. ८-७. ऐंशीहून अधिक सामन्यांनंतर पहिला पराभव, आणि तोही स्वतः मागून घेतलेला. चॅम्पियन यांनी रात्री गावाला तार केली. हरलो आहोत, पण मान गेलेला नाही, असा तिचा मथितार्थ होता.

गावाला मात्र तसं वाटलं नाही. आणखी काही सामने हरले, गर्दी ओसरली, क्लबातली भांडणं वर आली. पगार डोईजड वाटू लागले. नोव्हेंबर १८७० मध्ये क्लबाने जाहीर केलं की पुढच्या वर्षी पगारी खेळाडू ठेवायचे नाहीत. ज्या गावाने २७ फुटी बॅट दिली होती, त्याच गावाला आता ९३०० डॉलर खुपू लागले. जिंकत असेपर्यंत 'आमची पोरं', हरल्यावर 'हे पगारी लोक'!

बॉस्टन, आणि पन्नास सेंटचा प्रश्न

बॉस्टनच्या लोकांनी ही संधी साधली. १८७१ मध्ये हॅरी तिथे गेला, बरोबर जॉर्ज, गूल्ड आणि कॅल मॅकव्हे, आणि नावसुद्धा तेच, रेड स्टॉकिंग्ज. त्याच मार्चमध्ये व्यावसायिक खेळाडूंची पहिली राष्ट्रीय लीग उभी राहिली. प्रवेश फी किती? क्लबामागे दहा डॉलर. आपल्या पिकनिकची फी याहून जास्त असते. साहजिकच क्लब येत-जात राहिले, ठरलेले दौरे टाळत राहिले, सट्टाही चालूच होता. त्या गोंधळात हॅरीच्या बॉस्टनने १८७२ ते १८७५ अशी सलग चार अजिंक्यपदं मिळवली. १८७५ मध्ये तर ७१ विजय आणि फक्त ८ पराभव.

पण १८७२ मध्ये विजेतेपद मिळूनही क्लब कर्जात होता, आणि नोव्हेंबरात बॉस्टनच्या बाजारपेठेला भयंकर आग लागली. अशा वेळी तिकीट स्वस्त करा, पन्नास सेंट कोण देणार, असं पुष्कळ जण म्हणायचे. हॅरीचं उत्तर त्याच्या पत्रांतून दिसतं. लोक नाटकाला याहून जास्त पैसे मोजतात. आपण खेळ पाहण्यासारखा केला तर पन्नास सेंटबद्दल कुणी कुरकुरणार नाही. त्याच पत्रव्यवहारात तो स्पष्ट म्हणतो की बेसबॉल हा आता व्यवसाय आहे. तरीही देवभीरू हॅरीने रविवारी सामना खेळवण्याला कायम विरोध केला आणि सट्टेवाल्यांना जवळ उभं केलं नाही. व्यवसाय आहे म्हणून काहीही चालेल, असं त्याने मानलं नाही.

१८७४ मध्ये तो बॉस्टन आणि फिलाडेल्फियाचे संघ घेऊन इंग्लंडला गेला. बेसबॉलचे सामने आपसात, आणि यजमानांशी क्रिकेट. क्रिकेटमध्ये ते एकदाही हरले नाहीत. अर्थात त्यांचे बहुधा अठरा खेळाडू असायचे आणि इंग्रजांचे अकरा! लॉर्ड्सवर खेळले, शेफील्डला खेळले. लहानपणी ज्या गावातून त्याला उचलून नेलं होतं, तिथे हा पगारी माणसाचा मुलगा संघनायक म्हणून परतला. दौरा पैशाच्या दृष्टीने आतबट्ट्याचाच ठरला.

१८७६ मध्ये नॅशनल लीग आली, जी आजही चालू आहे. शिकागोने बॉस्टनचे चार मोहरे पळवले. नोकरी बदलण्याच्या बाबतीत आम्ही सॉफ्टवेअरवाले त्यांना नावं ठेवणार नाही. हॅरीने नवा संघ बांधला आणि १८७७, १८७८ अशी आणखी दोन अजिंक्यपदं मिळवली. पुढे दोन वर्षं प्रॉव्हिडन्स, आणि १८८४ ते १८९३ फिलाडेल्फिया. १८९० मध्ये डोळ्यांच्या विकाराने त्याला काही काळ पूर्ण दिसेनासं झालं, तरी त्याच वर्षी तो पुन्हा संघावर रुजू झाला. २३ हंगाम, मॅनेजर म्हणून १२२५ विजय.

१८९३ नंतर फिलाडेल्फियाने त्याच्याशी नवा करार केला नाही. लीगने त्याच्यासाठी मुख्य पंच असं एक सन्मानाचं पद निर्माण केलं. ३ ऑक्टोबर १८९५ रोजी अटलांटिक सिटीत त्याचं निधन झालं.

आणि मग सगळ्यांना त्याची आठवण आली. १३ एप्रिल १८९६ हा 'हॅरी राइट दिन' म्हणून पाळला गेला. गावोगाव मदतनिधीचे सामने झाले. निधी कशासाठी? पुतळ्यासाठी. फिलाडेल्फियाजवळच्या वेस्ट लॉरेल हिल दफनभूमीत तो पुतळा आजही उभा आहे. १९५३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं. धाकटा जॉर्ज तिथे १९३७ मध्येच पोचला होता.

आता मूळ मुद्दा

मंडळी, आजचा आपला निधी ज्या वसतिगृहासाठी आहे, त्याचं अंदाजपत्रक या पुस्तिकेत छापलेलं आहे. त्यात एक ओळ आहे, 'वेतन'. अधीक्षक, स्वयंपाकी, रात्रपाळीचा माणूस. गेले दोन महिने आम्ही देणगीसाठी फोन करत होतो. बहुतेकांनी सढळ हाताने दिलं. पण अनेकांनी विचारलं, आमचे पैसे पगारात तर नाही ना जाणार? संगणक घ्या, खोली बांधा, पाटी लावा, पण पगार नको. काहींचं म्हणणं असं की सेवाभावी काम आहे तर पगार कसला?

प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. पैसे मधल्यामध्ये जिरतात हा अनुभव सगळ्यांनी घेतलेला आहे. पण हॅरी राइटची गोष्ट आम्ही याच प्रश्नावर सांगायला घेतली. फक्त सेवाभावावर काम करणारा माणूस हवा असेल, तर ज्याच्या घरी आधीच पुरेसं आहे तोच मिळेल. पन्नास मुलांचा स्वयंपाक पहाटे पाचला उठून करणारी बाई त्या घरातली नसते. तिला आपण मावशी म्हणतो, आणि मावशी म्हटलं की पगाराची गोष्ट काढायला तिलाही संकोच वाटतो. कामावर तिचं प्रेम आहे, म्हणून तिला कमी द्यावं असं होत नाही. पगार वहीत लिहिलेला असला की तो कमी आहे की जास्त हे आपल्याला विचारता येतं. पाकिटातून गेलेल्या पैशाबद्दल कुणालाच काही विचारता येत नाही.

उलट बाजूही आहे. पगार द्यायचा तर तो दरवर्षी द्यावा लागतो. खोली एकदा बांधली की झालं. १८७० मध्ये या गावाचा उत्साह एका हंगामात ओसरला, तसा आपलाही ओसरू शकतो. म्हणून वेतनाच्या ओळीसाठी आम्ही एकदम मोठी रक्कम मागत नाही. तीन वर्षं, दरमहा थोडी थोडी, अशी जबाबदारी घेणारे तीस सभासद आम्हाला हवे आहेत. क्रिकेट गटातल्या नऊ जणांनी नावं दिली आहेत. उरले एकवीस.

शेवटी एक गोष्ट, खास क्रिकेटवाल्यांसाठी. ६ जून २०२४ ला डॅलसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकात अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. ती ओव्हर टाकणारा सौरभ नेत्रावळकर आपल्या मुंबईचा, आणि व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. नोकरी सांभाळून तो खेळत आला, याचं आपण तोंड भरून कौतुक केलं आणि ते योग्यच होतं. पण ज्यांच्याकडे अशी नोकरी नाही त्यांनीही खेळायला हवं, शिकायला हवं, शिकवायला हवं, स्वयंपाकघर चालवायला हवं. त्यासाठी कुणीतरी पगारपट लिहावा लागतो.

दाराशी उजवीकडे टेबल आहे, तिथे नावं नोंदवता येतील. गोळा झालेल्या आणि खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरचा हिशेब पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत छापला जाईल, शिल्लक एक डॉलर एकोणचाळीस सेंट राहिली तरी. चहा आणि बटाटेवडे तयार आहेत असं स्वयंपाकघरातून खुणावतायत, तेव्हा आवरतं घेतो.